घाटकोपरचं लोखंड

मुलुंड पूर्व,
गुरुवार

तीर्थरूप विद्याधरमामास,

सुयोगचा साष्टांग नमस्कार. (मांडीवर लॅपटॉप, त्यावर कागद आहे, तेव्हा तूर्त बसूनच.) तुझा गुडघा कसा आहे? मुरुडला आंबा मोहोरला का? मामीला सांग, कुळथाचं पीठ संपलं आणि ते मी एकट्याने संपवलं असं आई म्हणते, ते खोटं आहे. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही लिहिलं तरी तू नुसता अंगठा पाठवतोस. कॉलेज मधेच सोडलं हे कळवलं तेव्हाही अंगठाच आला होता, आणि त्या अंगठ्यावरून आई तुला नि मला अजून एकत्र बोलते. या वेळचं प्रकरण अंगठ्यात मावणारं नाही, म्हणून कागद.

मी तो साम्राज्य उभारायचा गेम खेळतो, माहीत आहे ना? (तू त्याला पत्ते म्हणतोस. पत्ते नाहीत ते.) प्रत्येकाला नकाशावर एक गाव मिळतं, मग शेती, बंदर, सैन्य वाढवत पसरायचं. त्यासाठी लोक स्वतःचे नकाशेही बनवतात. मी पावसाळाभर खपून आपल्या किनाऱ्याचा बनवला, शिवकाळातला. रायगड, विजापूर, तुझ्या गच्चीवरून दिसणारा सिद्दीचा जंजिरा, आणि मुंबई. आता गंमत बघ. खरा नकाशा खेळायला अजिबात बरोबरीचा नसतो. जंजिऱ्याभोवती पाणी, तो पडतच नाही. रायगडाला डोंगर आणि लाकूड. विजापूरला ज्वारी, घोडे, सगळंच. आणि मुंबईला काय? सात बेटं, चिखल, नारळ, मासे नि ताप. करून बघितलं तर मुंबईचं गाव पहिलं पीक हाती यायच्या आत उपाशी मेलं! बरोबरी करावी तर इतिहास जातो, इतिहास ठेवावा तर खेळ जातो. आणि मुळात असल्या जागी माणसं आली कशाला, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळतोय. (घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही का आलात?)

तर रविवारी आम्ही मिहिरकडे जमलो. मिहिर म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधला, माझा मित्र, हे तो गेममध्ये विसरतो. त्याची बहीण रेवती, आणि रेवतीची मैत्रीण गंधाली, घाटकोपरची. गंधालीबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही. (आर्किटेक्चर करते. नकाशा बघताना पेन्सिल हनुवटीला टेकवते. हसायच्या आधी तिचे डोळे हसतात. बस, विशेष काही नाही.) वाटीत चिठ्ठ्या टाकल्या. मला रायगड आला (मिहिर म्हणतो चिठ्ठी दुमडलेली होती, ती सगळ्यांचीच दुमडलेली असते ना), त्याला जंजिरा, रेवतीला विजापूर आणि गंधालीला मुंबई. मामा, माझ्याच हाताने कालवलेल्या चिखलात ती उपाशी मरणार, हे मला बघवेना. एक बारीक दुरुस्ती राहिलीय म्हणालो, आणि काकू घावने घेऊन आल्या तेवढ्या वेळात जुहूला आणखी मासे, ट्रॉम्ब्याला भात, गोवंडीला घोडे आणि घाटकोपरला लोखंड ठेवून दिलं.

खेळ सुरू झाला आणि मिहिर ओरडला, "अरे, गोवंडीत घोडे?" मी म्हटलं, तबेले होते तेव्हा. "वरातीचे का?" रेवती म्हणाली. गंधाली पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "घाटकोपरला लोखंड कुठून आलं रे? मी जन्मापासून तिथे राहते. भंगारवाला सोडला तर कुणाकडे नाही."

इथे माझं डोकं फिरलं. (आई म्हणते डोकं तुझ्यावर गेलंय.) तू जगावीस म्हणून केलं, असं मी जरा मोठ्याने म्हणालो, म्हणजे काकू आतून बाहेर आल्या इतक्या मोठ्याने. वर टेबलावर हात आपटला आणि चहा मिहिरच्या कीबोर्डवर सांडला. सिद्दीचं आरमार तिथल्या तिथे चिकटलं.

"म्हणजे मी हरणार असं तू धरूनच चाललास," गंधाली म्हणाली. "माझा चिखल मला परत दे. आणि एक सांग, तुझी बरोबरी म्हणजे काय? सगळ्यांकडे सारखं असणं, की सगळ्यांना जिंकता येणं?"

मी लोखंड, घोडे, भात, जास्तीचे मासे, सगळं नकाशावरून उचललं.

आणि ती त्या चिखलात कशी खेळली म्हणून सांगू! शेतीच्या नादालाच लागली नाही. एक बंदर, चार होड्या. रेवतीची ज्वारी मिहिरला, मिहिरचं मीठ मला, माझं लाकूड रेवतीला. तिच्यावर चालून कोण जाणार? लुटणार काय, चिखल? इकडे मिहिर जंजिऱ्यावर बसून खिदळत होता म्हणून मी चवताळून पुन्हा पुन्हा हल्ला केला, दर वेळी गलबतं बुडाली, आणि दर वेळी गंधालीने मला नवी विकली, माझ्याच लाकडाची. मिहिरला तोफाही तीच पुरवत होती हे मागाहून कळलं. संध्याकाळपर्यंत तिच्या बंदराशिवाय आम्हा तिघांच्या राज्यात चूल पेटेना. मुंबईत माणसं का आली ते मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

जिंकल्यावर ती हसलीसुद्धा नाही. बॅग भरत म्हणाली, "नकाशा झकास आहे. पण बनवणारा तू, खेळणारा तू आणि लाच देणाराही तूच. पुढच्या वेळी आधी बाहेरच्या कुणाकडून तपासून आण. पंच नसेल तर मी येणार नाही."

मामा, ती आली नाही तर मी कुणासाठी खेळू? मिहिरचं तोंड बघायला? असो. तू इतिहासाचा मास्तर, म्हणून निव्वळ ज्ञानासाठी विचारतोय: ओहोटीला जंजिऱ्याभोवती पाणी किती उरतं? आणि खरा नकाशा बरोबरीचा असू शकतो का? मामीला नमस्कार.

तुझा भाचा,
सुयोग

ता. क. पंच म्हणून तुझं नाव आणि नंबर दिलाय. 'मुरुडचे एक निवृत्त शिक्षक' एवढंच सांगितलंय, नातं नाही. तिचा फोन आला तर मला बाबल्या म्हणू नकोस. नकाशा रास्त आहे म्हण. मुलगा हुशार दिसतो असंही म्हण, पण आपोआप सुचल्यासारखं.

ता. क. २. आत्ताच कळलं, तिला जागा प्रत्यक्ष बघायचीय. पुढच्या शनिवारी जंजिऱ्याला येणार, आणि पंचांच्या घरीही. वाट दाखवायला मीही आहे. पुढच्या खोलीतला माझा मुंजीचा फोटो (गोट्यासकट) तेवढा काढून ठेव. आणि मामीला सांग, मला ओळख दाखवायची नाही, जवळ घेऊन गालगुच्चा तर मुळीच नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तिचा मेसेज आला. तिने तुला कालच फोन केला म्हणे! आणि तू पहिल्याच वाक्याला 'आमचा बाबल्या वेळेवर जेवतो ना?' विचारलंस. मुंजीच्या फोटोचं वर्णनही तूच केलंस. आता तो भिंतीवरून हलवायचा नाही अशी तिची अट आहे. पंच बाद, पण मामा चालतील, म्हणते. शनिवारी दोघं येतोच. तेव्हा वरचं सगळं रद्द समज, जंजिऱ्याचं पाणीसुद्धा. एकच कळव. "तो नेहमी असाच का हो?" असं तिने तुला विचारलं, त्यावर तू काय म्हणालास? मी विचारतोय तर ती नुसती हसणारी तोंडं पाठवतेय. आणि हे बघ मामा, अंगठा पाठवू नकोस.