मज्जारज्जूचं सोवळं

आई, तुझ्या सुनेविरुद्ध तुझ्याच दरबारात तक्रार गुदरतो आहे. काल मुरारहून डॉक्टर आले आणि बूट घालून थेट तुझ्या स्वयंपाकघरात शिरले. ज्या उंबऱ्याच्या आत प्रत्यक्ष बाबांना, सरकारवाड्यात वेदमंत्र म्हणणाऱ्या माणसाला, सोवळ्याचा मुकटा नेसल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, तो उंबरा चामड्यानं ओलांडला गेला. आणि तुझ्या सुनेनं काय करावं? पाट मांडला, वर चहा विचारला! मी 'अब्रह्मण्यम्' एवढंच पुटपुटलो. ती म्हणाली, "तुमचं संस्कृत नंतर. आधी त्यांना बसू द्या."

डॉक्टरांचाही इलाज नव्हता. रोग्याची खाटच चुलीपाशी आहे. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, महिन्याभरापूर्वी तापानं पडली. ताप उतरला, मग पाठ दुखते म्हणाली, आणि एका सकाळी उठायला गेली तर पाय हलेनात. यंदा आपल्या लश्कर पेठेत थंडी अशी आहे की चुलीची ऊब सोडवत नाही, म्हणून तिला इथं आणलं.

डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, कण्याच्या आतल्या मज्जारज्जूला सूज आहे." मग त्यांनी मला शिष्य करून घेतलं. परदेशात कुणी एका जनावराच्या रक्तात निळा रंग सोडला. सारं अंग निळं झालं, पण मेंदू आणि मज्जारज्जू पांढरेच राहिले. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या वाटेल त्याला आत सोडत नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे मज्जारज्जू सोवळ्यात असतो." ते मोठ्यानं हसले. "बिलकुल! आणि दाह झाला की हे सोवळं मोडतं."

मला तुझा उंबरा दिसला. दार कधी बंद नसायचंच. भाजी, सरपण, दूध सगळं उंबऱ्यापर्यंत यायचं; तू पाणी शिंपडून हवं ते आत घ्यायचीस, नको ते तिथंच राहायचं. मी हात पुढे केला की म्हणायचीस, "शिवू नकोस, शास्त्रीबुवा!" तेव्हा मी पाठशाळेत जेमतेम रूपावली घोकत होतो, पहिली पदवी मला तुझ्याकडूनच मिळाली, टोमण्यातून.

आणि तुझा तो हिवताप आठवला. तू ओसरीवर घोंगडीखाली कुडकुडत पडलेली, आणि साऱ्या आळीतल्या बायका मदतीला धावल्या. कुणी कढी आणली, कुणी चूल पेटवली. शेजारच्या मिश्राइन तर "बेटा, तू हट, मैं देखती हूँ" म्हणत आत गेल्या. एवढ्याशा जागेत इतकी माणसं की भात उतरवायला वाट नव्हती. कुणीतरी ओल्या हातानं कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली. तू बरी होऊन उठलीस, जमीन सारवलीस, सोवळं पुन्हा सुरू झालं. बरणीला मात्र बुरशी धरली होती. मी त्या बायकांवर चिडलो, तर तू म्हणालीस, "आल्या त्या मायेनंच रे. हात ओले होते, एवढंच."

डॉक्टरांनीही हेच सांगितलं, नुसते शब्द वेगळे. भिंती सैल पडल्या की रक्तातलं पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी आत उतरतात. येतात मदतीलाच, पण हाडांच्या त्या अरुंद नळीत सूज मावणार कुठं? नाजूक तंतू चेपतात. सूज ओसरेल, भिंती पुन्हा घट्ट होतील, असं ते म्हणाले. मी विचारलं, "आणि आतलं जे नासलं असेल, ते?" ते बुटांकडे बघत म्हणाले, "देखते हैं, पंडितजी."

पत्र लिहून झालं की बाड्याच्या चौकातल्या टपालपेटीत टाकावं, असा मोह होतो. पण तिथला बाबू मला ओळखतो, आणि पत्ता विचारील. तेव्हा हे तुझ्या जुन्या मुकट्याच्या घडीत ठेवीन.

एक गोष्ट तुझ्या सुनेला सांगितलेली नाही. रोज सकाळी मी पोरीला डोळे मिटायला लावतो आणि काही कळतं का पाहायला तिच्या तळपायावर दर्भाची काडी फिरवतो. आज ती खुदकन हसली. "बाबा, गुदगुली होते आहे!" काडी अजून माझ्या हातातच होती, आई. मी ती पायाला लावलीच नव्हती. पाय परत येणार नाहीत हे तिला माझ्याआधी कळलं असेल, आणि ती मला सांभाळून घेत असेल, याची मला भीती वाटते.