बाबांचे पाच टायर

१२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडल्याबरोबर तुला रबराचा वास आला तर नवल नाही. तीन दिवस मी टायरच्या दुकानांतून हिंडते आहे आणि आता स्वतःचा पांढरा कोटसुद्धा नाकाजवळ नेववत नाही. बाबांच्या गाडीचं, आपल्या गेंड्याचं, इंजिन अजून नेकीने चालतं, पण पायांत दम उरला नाही. चारही टायर हाताला गुळगुळीत लागतात. गेल्या आठवड्यात उताराच्या तिसऱ्या वळणावर ओल्या दगडांवरून मागची बाजू सरकली. गाडीत मी एकटीच होते म्हणून बरं.

त्या दिवसापासून वरच्या वस्तीतल्या बायकांना गाडीत घेणं मी बंद केलं. म्हणजे दर गुरुवारी या अवघडलेल्या बायका तपासणीसाठी दोन तास चालत खालच्या मोठ्या दवाखान्यात जाणार आणि त्यांची नर्सबाई रिकामी गाडी घेऊन मागून येणार. मला लाज वाटते, दादा. त्यात विणकरीण आहे, तिला आठवा महिना लागला आहे. मी कधी नेणार हे ती तोंडाने विचारत नाही, नुसती गाडीकडे बघते.

आता दुकानांचं ऐक. पहिल्या दुकानातला माणूस अत्तरात बुडून आला होता. त्याने फडक्याने एका टायरला काळं पॉलिश चोपडलं, तो चकाकायला लागला तसा त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिला आणि साहेबांना घेऊन या म्हणाला. साहेब वारून सहा वर्षं झाली हे सांगितल्यावर मग मुलाला आणा म्हणाला. दुसऱ्याने गेंड्याला शोभतील असे रुंद, कडेला पांढरी अक्षरं असलेले टायर दाखवले, जणू मी गाडीला लग्नाला नेणार आहे. तिसरा पुलाजवळचा, तो कानकोरणीने कान कोरत बोलतो आणि मग त्याच हाताने किमतीचा कागद देतो. चौथ्याचं नाव मी पंजा ठेवलं आहे. त्याने विचारलं काहीच नाही, वाकून गाडीखाली बघितलं, उठताना आधारासाठी माझ्या कोटाच्या बाहीला धरलं आणि आपला अख्खा काळा पंजा तिथे उमटवून ठेवला. तीन वेळा धुतला, जात नाही.

प्रत्येकाचं मत निराळं. एक म्हणतो गुळगुळीत रस्त्याचे घ्या, आवाज करत नाहीत. दुसरा म्हणतो चिखलाचे घ्या, मोठ्या दातांचे. पंजा म्हणतो, तुमचा अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा दगडांचा, तेव्हा मधल्या जातीचे घ्या आणि आठ माणसांचं वजन पेलतील असेच घ्या. खरं कोण बोलतंय ते कळत नाही. तू आयुष्यभर डेपोच्या भांडारात टायर मोजलेस, तूच सांग. फोन करून उपयोग नाही, तुला ऐकू येत नाही आणि माझ्याकडे रेंज येत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, निदान तो तरी गुळगुळीत होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

१६ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती पंजापाशी हसली. मला हसू आलं नाही. या लोकांना मी चांगला ओळखतो. पॉलिश चोपडणारी ही जमात डेपोच्या मागच्या दाराशी रोज उभी असायची. बाद झालेले टायर आमच्याकडून भंगार म्हणून न्यायचे आणि दोन दिवसांत काळे कुळकुळीत करून कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. म्हणून बाद टायर भांडारातून बाहेर पडण्याआधी मी स्वतः त्याच्या कडेला वीतभर चीर देत असे. शिपायावर सोडलं नाही, साहेबांवरही नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून न कापलेला बाद टायर बाहेर गेला नाही. असल्या लोकांकडून तू काहीही विकत घ्यायचं नाहीस, हे नीट ध्यानात ठेव.

मुळात घ्यायची गरजच नाही. बाबांनी गेंड्यासाठी घेतलेले पाच कोरे टायर माझ्याकडे आतल्या खोलीत आहेत, पलंगाखाली, आईच्या नव्या चादरींच्या गाठोड्याशेजारी. तुला माहीत नसेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलं, त्याच आठवड्यात बाबा मला घेऊन दुकानात गेले आणि पाच टायर घेऊन आले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते टायर एक हातसुद्धा चाललेले नाहीत. ऊन नाही, पाऊस नाही, अंगावरचे रबराचे केस तसेच आहेत. चांगली वस्तू आहे, पुढे लागेल म्हणून जपून ठेवले होते, ते आता लागले.

चार टायर मालाच्या ट्रकने पाठवतो आहे. पाचवा माझ्याकडे राहू दे, मांडणी रिकामी ठेवायची मला सवय नाही. कुणाकडूनही बसवून घे, फक्त माप बघ आणि हवा समोर उभी राहून भरून घे. त्या बायकांना चालवू नकोस.

वहिनी विचारते की त्या पंजाचं लग्न झालं आहे का. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ वाढवायला माझी हरकत नाही, अंगावर मात्र येऊ नकोस.

तुझा,
दादा

२६ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टायर पोचले आणि गेंड्याच्या पायांत चढलेसुद्धा. उघडल्यावर मला रडू आलं. तू जुन्या चादरीत बांधून पाठवले होतेस आणि गाठ अगदी बाबांसारखी मारली होतीस. आपल्या घराण्याची ही रीतच म्हणायची, वापरायचं ते जुनं आणि जपायचं ते नवं. आई वारली तेव्हा तिच्या कपाटातून नऊ कोऱ्या चादरी निघाल्या आणि ती स्वतः ठिगळाच्या चादरीवर झोपत होती, आठवतं ना? यावेळी मात्र त्या रीतीने माझं काम झालं.

पण आधी एक तमाशा झाला तो सांगते. दुकान जवळ म्हणून टायर घेऊन मी पंजाकडेच गेले होते. त्याने पहिल्या टायरची कड बोटाने चाचपली, खाली बसला, काहीतरी वाचलं आणि बसवणार नाही म्हणाला. का, तर कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्या हिशेबाने हे टायर बारा वर्षांचे आहेत. एक पाऊल चालले नसले तरी रबर आतून मरतं, असं तो म्हणाला. त्याच्या मागे भिंतीला त्याचे स्वतःचे नवे टायर मांडलेले होते, तेव्हा हा कळवळा कशासाठी ते मला लगेच समजलं. इतकी किळस आली की काय सांगू. मी त्याला चार लोकांत सुनावलं. माझा भाऊ एकतीस वर्षं डेपोचा भांडारी होता, त्याने पाठवलेल्या टायरला नाव ठेवायची तुझी लायकी नाही, असंही म्हणाले. तो रागावला नाही. हात पुसत एवढंच म्हणाला की मग भावालाच हा आकडा विचारा.

विचारायचं काय त्यात? आकडे वाचण्यात तुझं आयुष्य गेलं. मी तडक पुलाजवळच्या कानकोरण्याकडे गेले. त्याने न बघता अर्ध्या तासात चारही बसवून दिले. आता गुरुवारी, एक तारखेला, तिघीजणींना घेऊन खाली जाणार आहे. विणकरणीला सांगितलं तर तिने माझा हात धरला आणि सोडेचना.

तुझ्यामुळे झालं, दादा. लोभ किती वाढवायचा तेवढा वाढव, मी पेलीन.

तुझी,
ठमी

३० सप्टेंबर

ठमे,

मायना नंतर. गेंडा बाहेर काढू नकोस. तिघींना गाडीत घेऊ नकोस. हे पत्र तुमच्याकडे वर येणाऱ्या मालाच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, तो उद्या पोचेल. कधी पोचेल ते त्याला सांगता येत नाही. वहिनीने तुझ्या दवाखान्यात चार वेळा फोन लावला, तो बंद आहे.

तुझं पत्र आज सकाळी आलं. पंजा खरं बोलला. आमच्या डेपोत याच्या निम्म्या वयाचा टायर बसखाली जाऊ देत नसत, आणि असे शेकडो मी हाताने कापले आहेत. भावाला आकडा विचारा म्हणाला ना तो, तर सांगतो. आकडा मी पाहिला होता. पाठवायच्या दिवशी पाचही टायर फडक्याने पुसले तेव्हा पाहिला. हात आपोआप तिथेच गेला. बघून पुन्हा पुसला आणि चादर बांधली. चाललेले नाहीत, अंधारात होते, काही होत नाही, असं मनाशी म्हणालो. डेपोत हेच कुणी मला म्हणालं असतं तर मी त्याला भांडारात उभं केलं नसतं. बाबांचे टायर कापायला माझा हात धजला नसता, आणि तुझ्याकडे पाठवले की ते कापावे लागणार नाहीत, एवढाच त्यात माझा फायदा होता.

गाडी काढू नकोस.

दादा

३ ऑक्टोबर

ती. दादास,

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. आम्ही सकाळी सातला निघालो होतो.

आधी हे वाच, तिघीजणी ठीक आहेत. विणकरणीचं बाळ पोटात हलतं आहे, मी स्वतः कान लावून ठोके ऐकले, काल दोनदा आणि आज एकदा.

पाऊस नव्हता, नुसते दगड ओले होते. तिसऱ्या वळणावर मी चाक वळवलं आणि गेंडा वळलाच नाही. पाटावरून डबा सरकावा तसा तो सरळ सरकत गेला. डावीकडे दगडांची भिंत आणि उजवीकडे काहीच नाही. तो डावीकडे गेला, यात माझी हुशारी कुठेही नाही. भिंतीला घासत थांबला. पुढच्या डाव्या टायरची कड उन्हात विसरलेल्या चपलेसारखी फाटली होती आणि आतून त्याचा भुगा पडत होता. मी उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली. विणकरीण एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळत होती. मग आम्ही चौघी उरलेली वाट चालत खाली गेलो. जे टळावं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तेच मी तिला आठव्या महिन्यात करायला लावलं.

दवाखान्यातून परतले तर तुझं पत्र माझी वाट बघत होतं. दादा, आकडा वाचून न कळणं मी समजू शकले असते. तू वाचून पुसलास. मला तुझी किळस आली. हा शब्द खोडणार होते, पण खोडत नाही. आणि माझी स्वतःचीही आली. खरं बोलणाऱ्या माणसाचे हात काळे होते म्हणून मी त्याला खोटा ठरवलं, आणि तू माझा भाऊ म्हणून तुला काही विचारलंच नाही.

काल गेंड्याला ट्रॅक्टरने ओढवून पंजाकडे नेलं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हवेचं मशीन सुरू केलं आणि मला बोलूच दिलं नाही. मधल्या जातीचे चार नवे टायर त्याने बसवले. बसवण्याआधी प्रत्येकाचे चार आकडे माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. सगळे याच वर्षाचे आहेत. येत्या गुरुवारी मी पुन्हा तिघींना नेणार आहे. विणकरीण गाडीत बसायला तयार आहे. तिच्या जागी मी असते तर बसले नसते.

बाबांचे चारही टायर ट्रकने परत पाठवते आहे, फाटलेलासुद्धा. भंगारवाला दारात आला होता, त्याला दिले नाहीत. तू डेपोत जे करायचास ते कर. पाचही कापून टाक, आणि शिपायावर सोडू नकोस. त्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

ठमी

१२ ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

कापले. म्हणून लिहितो आहे.

अंगणात एकापुढे एक मांडले आणि जुना चाकू धार लावून घेतला. चार भराभर कापून झाले. पाचवा घेतला तेव्हा बाबा दुकानातून परतताना गाडीत कसे गप्प बसले होते ते आठवलं, आणि मी पायरीवर बसून रडलो. त्यांना माहीत होतं की हे टायर कधी चालणार नाहीत. तरीही त्यांनी घेतले, कारण न घेणं म्हणजे डॉक्टरांचं ऐकणं झालं असतं. ते म्हातारे होते आणि त्यांची दृष्टी जात होती. मला तसं काहीच झालेलं नाही, नुसते कान गेले आहेत. वहिनी पाणी घेऊन आली, चाकू धरू का म्हणाली. नको म्हणालो. पाचवाही मीच कापला.

प्रत्येकाच्या कडेवरचा चार आकड्यांचा तुकडा कापून या पत्रासोबत पाठवतो आहे. मोजून घे, पाच आहेत. त्या पंजाला दाखव आणि भांडाऱ्याने पाठवले आहेत म्हणून सांग. विणकरणीची मी समोर येऊन माफी मागेन, पण बाळ सुखरूप झाल्यावर. त्याआधी तिच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही. तू शब्द खोडला नाहीस ते बरं केलंस.

पलंगाखालची जागा रिकामी झाली तेव्हा वहिनीने आईच्या चादरींचं गाठोडं ओढून काढलं आणि आता या वापरायच्या म्हणाली. एक कोरी करकरीत चादर अंथरली. दुपारी मी तिच्यावर अंग टाकलं तर ती घडीच्या रेघेवर टरकन फाटली. दुसरी काढली, तीही तशीच. नऊपैकी दोन धड निघाल्या. त्या तुझ्या दवाखान्यासाठी पाठवतो आहे, आजच अंथर.

लोभ असावा असं लिहायचा हक्क मी सध्या गमावला आहे. माझ्यासाठी थोडाफार उरला असेल तर तो वापरत राहा, पुढे लागेल म्हणून जपून ठेवू नकोस.

तुझा,
दादा