नबीलाचा श्वास आणि चहाचं पान

नसरापूर

प्रिय प्रगती,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. माझी नबीला काल दवाखान्यातून घरी आली. इरफानने दोन दिवस रिक्षा बंद ठेवून घराला चुना दिला, आणि सासूबाई हात धुतल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत.

ती दोन महिने आधी झाली, हे तुला माहीत आहे. पुण्याच्या दवाखान्यात पुढं काय झालं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काचेपाशी उभी होते आणि ती श्वास घ्यायची थांबली. रडणं नाही, तडफडणं नाही, थांबलीच. ओठ निळसर झाले. सिस्टरने तळपायावर टिचकी मारली तेव्हा छाती हलली. त्या दिवसात असं पाच वेळा झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात. आम्ही तिला कॅफिन देतोय." मी विचारलं, "चहातलं?" त्या म्हणाल्या, "हे कारखान्यात बनवलेलं, पण पदार्थ तोच."

मला तिथंच तुझी चहाच्या पानांच्या अभ्यासाची वही आठवली. भोरला एसटीची वाट बघताना तू तिच्यात आकृती काढून दाखवली होतीस. प्रत्येक जिवाच्या पेशीत प्युरीन नावाचं रसायन असतं, आनुवंशिकतेच्या चार अक्षरांतली दोन त्याचीच. आपलं शरीर ते मोडून युरिक ॲसिड करतं. तेच साठून तुझ्या आबांचा अंगठा सुजतो. चहाचं कोवळं पान मात्र त्यातल्या थोड्याला कार्बनचे तीन इवलेसे गट एकेक करून जोडतं, आणि कॅफिन घडवतं. किड्यांनी खाऊ नये म्हणून. मी तेव्हा "बरं, मग?" म्हणत शेंगा सोलत होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूला "आता निवांत हो" म्हणणारा आपल्या अंगातला पदार्थही प्युरीनच. कॅफिन त्याच्यासारखं दिसतं, म्हणून त्याच्या जागी जाऊन बसतं, आणि श्वास चालू राहतो. सहाव्या दिवशी नबीला एकदाच थांबली. नवव्या दिवसानंतर थांबलीच नाही. काचेला कपाळ टेकून मी तिची बोटभर छाती वरखाली होताना बघत होते. किड्यांना दूर ठेवायला एका झाडाने शोधलेली गोष्ट माझ्या लेकीला श्वासाची आठवण करून देत होती. दुआसाठी हात उचलले गं. तशीच उभी राहिले.

आता खरं सांगते. काल संध्याकाळी तुझे आबा वेल्ह्याहून बाळाला बघायला आले होते. म्हणाले, "पोरगी चार वर्सं तिकडं आसामात पानंच चाळतीया. आता कटाळली, सोडून यावं म्हनती. तू लिही तिला, म्हंजी लवकर यील." मी हो म्हणाले. सकाळपासून तेच लिहायला बसले होते, आणि लिहून झालं हे. तुझ्या कामाचा कुणाला काय उपयोग, असं दिवाळीत तू रडत विचारलंस, तेव्हा मी गप्प बसले होते. येऊ नकोस, प्रगती. आबांची समजूत मी घालते.

तुझीच,
फौजिया