रेसच्या पाट्यांनी फोडलेली बातमी

ताई,

तुझी नोकरी गेल्याचं आईला कळलं. म्हणजे कळलेलं नाही. तसं काही घडलेलंच नाही, असं समजून चहा घे.

काल आई शेजारी बसून माझी गाड्यांची रेस बघत होती, तर गेममध्ये दर वळणावर जाहिरातीची पाटी: "नोकरी गेली? खचू नका!" मी गाडी मुद्दाम पाटीवर घातली. पुढच्या वळणावर पुन्हा तीच. नोकरी करणारी घरात तू एकटीच. आईने चष्मा लावून पाटी पुन्हा वाचली.

तू फोनवर नोकऱ्या शोधतेस आणि गेमचं खातं आपलं एकच, म्हणून तुझ्या शोधाच्या जाहिराती माझ्या रेसमध्ये. फुकटच्या लाल गाडीसाठी 'सगळं मान्य' मीच दाबलं होतं, चुकलो. पण सख्ख्या भावालाही जे सांगितलं नाहीस, ते त्या गेमवाल्या भामट्यांनी परस्पर चव्हाट्यावर मांडावं? कोण लागून गेले हे?

आई एवढंच म्हणाली, "तिची ती सांगेल. पण डबा घेऊन दिवसभर बागेत बसू नको म्हणावं, ऊन लागेल." तेव्हा आज तूच सांग. मी क्लासला जातोय.

गेम कंपनीस विनंती: घरातल्या चहाड्या करण्याचा हक्क पूर्वापार धाकट्या भावाचा असून, तो त्यास विनाविलंब परत करण्यात यावा.