रिकाम्या फलाटाची घंटी

३ मार्च, सोमवार

घंटी काढली! हरामखोरांनी घंटी काढली!

सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. आज बँडचा नवा अल्बम आला. नवा कसला — पहिल्याच अल्बमची दहा गाणी पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलेली. चौतीस वर्षांनी! म्हणे जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे अडकलेत, गाणी स्वतःची म्हणून परत हवीत. घ्या की! पण मग होती तशी तरी वाजवा!

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागे बसून हेडफोनवर ऐकली. गायकाचा आवाज दोन पट्ट्या खाली. चालेल, वय झालं. बास गिटारवाला अकरा वर्षांपूर्वी गेला, त्याच्या जागी कुणीतरी नवा. तेही गिळलं. मग दहावं गाणं, ‘रिकामा फलाट’. शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबतात. मनात पाच मोजायचे. मग एकच बारीक घंटी — टिंग! आणि संपलं. त्या एका टिंगसाठी तर ते गाणं!

पाच मोजले. दहा मोजले. काही नाही!!

कार्यक्रमात पाच हजार माणसं तिथे श्वास धरून उभी राहायची. घंटी वाजली की टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, सगळ्यांचं एक बोट वर. हे कुणी ठरवलं नाही. खरं म्हणजे आम्ही ठरवलं, मी आणि चष्म्यानं. सोळा वर्षांचे होतो. त्याच्या बापाच्या चष्म्याच्या दुकानावर माळ्याची खोली होती, तिथे जमिनीवर बसून ती रेकॉर्ड झिजवली. घंटी वाजली की ज्याचं बोट आधी वर तो जिंकला. आता तो दुकान चालवतो. गावाला चष्मे घालतो, स्वतःला चष्मा नाही.

४ मार्च, मंगळवार

चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं — ‘घंटी काढलीत, गाण्याचा जीव काढलात.’ दोनशे बारा माणसं आहेत, मी प्रमुख. दहा मिनिटांत आग! शाळेतल्या बाई — ‘विश्वासघात!’ बेकरीवाला — ‘म्हातारचळ लागलाय यांना.’ पोस्टमन — ‘मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही, पण जाहीर निषेध!’ याला म्हणतात निष्ठा.

आणि चष्म्या काय लिहितो? ‘घंटी आहे रे. नीट ऐक.’

मला! दोनशे माणसांसमोर! ज्याच्या कानावर अख्खा कारखाना चालतो त्याला हा सांगणार नीट ऐक! मी लिहिलं, ‘काही लोक विकले गेलेत.’ आणखी दोघं-तिघं म्हणत होते घंटी आहे, ते मग गप्प बसले. बेकरीवाल्यानं त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली.

६ मार्च, गुरुवार

हेडफोन बदलून तीनदा ऐकलं. नाही. नाही. नाही!

७ मार्च, शुक्रवार

कारखान्यातही तेच नाटक. एकतीस वर्षं मी फिटर. मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला, आणि आतलं बेअरिंग काय बोलतंय ते ऐकायचं. आजवर एकदा चुकलेलो नाही. आता सुपरवायझर बाईंनी मीटर आणलंय. डबी टेकवली की आकडा येतो. कानामागून आली आणि तिखट झाली!

डबी म्हणते, तीन नंबरच्या ब्लोअरचं बेअरिंग जातंय. मी ऐकलं. आत दमदार, एकसारखी घरघर, काही खोट नाही. रजिस्टरवर लिहिलं, ‘ठीक आहे, चालू द्यावे’ आणि ठसठशीत सही केली. बाई काहीतरी पुटपुटल्या. म्हटलं, “मोठ्यानं बोला, भीता कशाला?” तर म्हणे, “मेस्त्री, मी मोठ्यानंच बोलतेय.”

सगळीकडे हेच. जुनं काढा, नवं बसवा, आणि वर सांगा की सगळं होतं तसंच आहे.

९ मार्च, रविवार

चष्म्याच्या दुकानात बैठक. अकरा जण आले. बँडला पाठवायचं पत्र मी वाचून दाखवलं. शाळेतल्या बाईंनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, पोस्टमन म्हणाला हे मी स्वतः नेऊन टाकतो. सगळ्यांनी सह्या केल्या. एक सोडून.

“पाठवण्याआधी एकदा जुनी रेकॉर्ड ऐकू या,” चष्म्या म्हणाला.

“कशाला? झोपेत विचार मला. पाठ आहे!”

“शेवटची कधी ऐकलीस?”

कधी म्हणजे? रोजच ऐकतो की मनात! माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा दोन वर्षांपूर्वी तुटला, म्हणून काय गाणं विसरलो? मग तो फ्रेमच्या कपाटाकडे तोंड करून काहीतरी बोलला. एक अक्षर कळेल तर शपथ. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. “स्पष्ट बोल की लेका!” म्हणालो. तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाला तक्त्याची खालची ओळ वाचता येत नाही तेव्हा बघतो ना, तसं.

“असं काय बघतोस?”

“काही नाही.”

डोक्यात तिडीक गेली. खिशातून फोन काढला आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच्याच दुकानात, त्याच्यासमोर उभं राहून. त्यानं आपला फोन बघितला, परत खिशात ठेवला, आणि काउंटरवरच्या काचा पुसायला लागला. चाळीस वर्षांची दोस्ती! त्यानं भांडायला तरी हवं होतं.

१० मार्च, सोमवार

पत्र गेलं. बायको बोलत नाही. बोलली तेव्हा एवढंच — “भाऊजी तुमच्या आजारपणात आठ दिवस दवाखान्यात झोपले होते. एका टिंगसाठी त्यांना काढलंत?” एका टिंगसाठी! हिला कधी कळलंच नाही.

कुरिअरवाला दोनदा बेल वाजवून परत गेला म्हणे. खोटारडा. मी दारासमोरच बसलो होतो.

१४ मार्च, शुक्रवार

तीन नंबरचा ब्लोअर बसला. बेअरिंग जाम, शाफ्टला खाच, लाइन चार तास बंद. ग्रीस भिकार असणार, दुसरं काय! मी तसं म्हणालो. बाईंनी रजिस्टरमधलं माझ्या सहीचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पॅकिंगमधली मावशी हात पुसत म्हणाली, “मेस्त्री, दोन दिवस किंचाळत होती की हो ती मशीन. आम्ही कानात कापूस घालून काम केलं.”

किंचाळत होती. दोन दिवस मी तिच्या शेजारीच होतो.

आज शिव्या कुणाला द्यायच्या तेच सुचेना.

१८ मार्च, मंगळवार

बँडचं उत्तर आलं! ड्रमवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, अक्षर म्हाताऱ्या माणसाचं. उतरवून ठेवतो —

‘आम्ही सगळं नव्यानं वाजवलं, फक्त घंटी सोडून. पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी ती आमच्या बासवाल्यानं वाजवली होती. तो आता नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ती घंटी द्यायला आमच्यापैकी कुणीच तयार होईना. म्हणून कंपनीशी भांडून जुन्या टेपवरची तेवढीच मागून घेतली. अल्बममध्ये जुनं असं तेवढंच आहे. तुम्हाला ती मिळाली नाही याचं फार वाईट वाटलं. तुमची प्रत खराब असावी. एकदा तपासून घ्या.’

खोटं! साफ खोटं!

चार वेळा वाचलं. प्रत तपासा म्हणे. फोनवर ऐकलं, घरच्या टीव्हीवर ऐकलं, बेकरीवाल्याच्या मोठ्या स्पीकरवर ऐकलं. प्रती तरी किती खराब असणार?

बेकरीत तेव्हा गाणं संपल्यावर तो माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाला होता, “बरोबर आहे तुमचं, नाहीच आहे.” त्याचा हात खांद्यापर्यंत आलेला होता. तो त्यानं खाली घेऊन मान खाजवली. तेव्हा वाटलं, खाज सुटली असेल.

ग्रुपवर लोक विचारतायत, उत्तर आलं का. लिहिलं, अजून नाही.

२० मार्च, गुरुवार

रेकॉर्ड प्लेअर कपाटावरून खाली काढला. पट्टा नाही. परत वर ठेवला.

असा पट्टा बसवायला मला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्यांच्या मशीन रोज जोडतो. दोन वर्षं का नाही बसवला?

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी चष्म्या आला, न बोलावता. म्हणजे मी बोलावलं नव्हतं, बायकोनंच फोन केला असणार. खिशात नवा पट्टा आणि त्याचा तो चष्म्याचे स्क्रू पिळायचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर!

“ग्रुपमधून काढलेल्या माणसाला या घरात चहा नाही,” मी ओरडलो.

बायकोनं चहा टाकला.

तो जमिनीवर बसून पट्टा बसवायला लागला. चुकीचा बसवत होता. मला राहवेना. “बाजूला हो गाढवा, उलटा घातलायस,” म्हणून हिसकावून घेतला. दहा मिनिटांत प्लेअर फिरायला लागला. मग ड्रमवाल्याचं पत्र त्याच्या पुढ्यात टाकलं. त्यानं वाचलं, नीट घडी घातली. मग माझ्या अगदी समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, “लावू?”

त्याचं प्रत्येक अक्षर कळलं.

भीती वाटली. लिहायला लाज वाटते, पण वाटली. म्हणालो, “आज नको. उद्या सकाळी ये.”

तो निघाला. चपला घालताना त्याला परत ग्रुपमध्ये घेतलं. फोन बघून म्हणाला, “उपकार झाले.”

२३ मार्च, रविवार

जुनी रेकॉर्ड लावली. दोघं जमिनीवर, सोळाव्या वर्षी बसायचो तसे. वाद्यं थांबली. डोळे मिटून पाच मोजले. सहा. सात. आठ. बोट गुडघ्यावर तयार ठेवलं होतं.

डोळे उघडले. चष्म्याचं बोट वर होतं.