मेणाची अख्खी बाई

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, कुमारी नॉर्मा बेसिल मिस्किटा, वय वर्षे बहात्तर, धर्म रोमन कॅथलिक, धंदा शिवणकाम, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण त्याहून मोठा पुरावा हा की आजही मी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणण्याइतकं जवळ मी कोणाला येऊच दिलं नाही.

वकील आकांक्षाबाईंनी छापील मसुदा दिला होता. त्यांच्या अटी पाळते, भाषा मात्र माझी राहील.

१. सन २००९ मध्ये मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते कोणी कुठे हजर केलं तर फाडून टाकावं. त्यातलं सातवं कलम तेवढं इथे उतरवते, कारण ते मीच लिहिलं होतं आणि लपवून भागणार नाही: ‘माझी धाकटी बहीण नेरिसा हिने माझ्या प्रेताला हात लावू नये, पेटीवर माती टाकू नये आणि चर्चमध्ये मिस्साला, प्रार्थनेला, पुढच्या बाकावर बसू नये.’ हे लिहून मी त्या दिवशी चर्चला गेले होते आणि कम्युनियनची पवित्र भाकर घेतली होती.

२. आमची चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर मला मालकी हक्काने मिळालेली खोली माझ्या पश्चात माझी बहीण नेरिसा रघु धुरी, राहणार लालबाग, हिला मिळावी. खिडकीखालची भिंत पावसाळ्यात ओल धरते. बिल्डरला सात अर्ज केले, सातही फायलीत आहेत. आठवा अर्ज नव्या मालकिणीने करावा आणि जरा चढ्या आवाजात करावा.

३. पायाची शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, इस्त्री आणि नक्षीच्या रिळांची पेटी शेजारीण मनवा हिला. मनवाने तीन वर्षांपूर्वी माझी झिगझॅगची कात्री नेली ती अजून ‘उद्या आणते’वरच आहे. ती तिसरी कात्रीही आता तिचीच, म्हणजे तिचा जीव हलका होईल. एकच अट. मशीनवर मयताचे कपडे शिवायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही आणि पैसे मागायचे नाहीत. मी आजवर चर्चच्या अल्तारची वस्त्रं शिवली, फादर लोकांचे झगे शिवले, पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक शिवले. पण कोणाचा तरी शेवटचा पोशाख शिवताना टाका वाकडा गेलेला मला कधी चालला नाही.

४. बँकेतल्या ठेवीतून माझ्या दफनाचा खर्च वजा जाता उरेल ते धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, गरिबांच्या अंत्यविधीसाठी द्यावं. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये. बाकांवर, पंख्यांवर, पाण्याच्या टाकीवर नावं वाचून वाचून मी कंटाळले आहे.

५. माळ्यावर स्टीलचे तेवीस डबे आहेत. ते नेरिसाचे. तिची मुलगी अक्षदा हायस्कूलला जायला लागली तेव्हापासून जवळजवळ दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन दारात यायची. मी डबा घ्यायचे, ‘बरं’ म्हणायचे आणि दार लावायचे. फराळ मनवाकडे जायचा. चकल्या उत्तम असतात असं तिच्याकडून कळतं. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत आमच्यातही आहे आणि धुऱ्यांच्यातही. भरून देण्याचं मन नव्हतं, रिकामा देण्याची लाज होती, म्हणून डबे साठत गेले. आता या मे महिन्यात मी लालबागहून मिरच्या आणून बाटली मसाला कुटून घेतला आहे. तेवीसही डबे त्याने भरले आहेत. ते पोचते करावेत.

६. आता जे लिहिते ते वकीलबाईंच्या मते मृत्युपत्रात लागत नाही. मला लागतं.

आमचे पप्पा मिलमध्ये फिटर होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये खात्यातच कोसळले. अर्धांगवायू. डॉक्टरांनी हात टेकले. सप्टेंबरात मोत माउलीची जत्रा आली तेव्हा मी एकटी वांद्र्याला डोंगर चढून गेले. तिथे मेणाच्या वस्तू विकायला असतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर. विकणारीने विचारलं, “हात पायजे का पाय?” मी म्हटलं, “अख्खी बाई द्या.” ती मेणाची बाई माउलीपुढे ठेवून मी बोलले: माउली, पप्पा वाचले तर ही अख्खी नॉर्मा तुझ्या पोराला दिली. कॉन्व्हेंटात जाते, परत येत नाही. मी एकोणीस वर्षांची होते, आणि देवाशपथ, ते मनापासून बोलले होते.

पप्पा वाचले. डावी बाजू गेली, वाचा गेली, पण वाचले. आणि घर माझ्या मशीनवर आलं. मी गेले तर चूल पेटणार नव्हती. गेले नाही तर नवस पप्पांवर उलटेल ही भीती. आई रात्रंदिवस रडायची. पुढे सगळ्या धर्मग्रामाला मी सांगत आले की आईनेच तोड काढली. खोटं आहे. आई बिचारी गप्प होती. “माझ्या बदली नेरिसाला पाठवू,” हे मी म्हटलं.

नेरिसा सतराची. टायपिंगच्या क्लासला जायची, हसताना तोंडावर हात ठेवायची. मला म्हणाली, “नॉर्मा, मला नाय जायचं गो. मला देवाने बोलावलंच नाय.” मी म्हटलं, “मला बोलावलंय ना? तू माझ्या जागी जा. पप्पांचा जीव तुझ्या हातात आहे.” कॉन्व्हेंटच्या यादीप्रमाणे तिचे पांढरे कपडे मी एका आठवड्यात शिवले. तितकं सफाईदार काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

अकरा वर्षं ती तिथे राहिली. शेवटचं, जन्मभराचं व्रत घ्यायची वेळ आली तेव्हा तिने वरिष्ठ सिस्टरांना खरं सांगितलं आणि रीतसर परवानगीने, मानाने बाहेर पडली. तसं त्यांचं पत्र मला आलं होतं. मी ते कोणाला दाखवलं नाही. मी सांगितलं, पळाली. दोन वर्षांनी तिने रघु धुरी या सज्जन माणसाशी लग्न केलं तेव्हा सांगितलं, बघा, याच्यासाठी पळाली होती. ती बाहेर पडली तेव्हा या दोघांची ओळखही नव्हती.

नवस मोडला, आता पप्पा जाणार, म्हणून मी तिचं तोंड बघायचं सोडलं. पप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले. तरी माझे डोळे उघडले नाहीत. १९९३ ला ते गेले तेव्हा नेरिसा आली, कडेवर पाच वर्षांची अक्षदा. मी दार अडवलं. “देवाला दिलेलं परत घेणारीने पप्पांना शिवायचं नाही.” ती चाळीच्या गॅलरीत उभी राहिली. पेटी बाहेर काढली तेव्हा तिने जाता जाता लाकडाला बोटं लावली, तेवढीच. मी ते पाहिलं आणि मान फिरवली. बत्तीस वर्षं झाली, ती बोटं काही डोळ्यांपुढून जात नाहीत.

या वर्षी उपवासकाळात आमच्या फादर ॲलिस्टरनी सगळ्यांना कागदाची एकेक चिठ्ठी दिली. देवाला अजून काय दिलं नाही ते लिहा म्हणाले. कोणी चहा लिहिला, कोणी मोबाइल. मी कोरी टाकली. घरदार, लग्न, मूलबाळ, सगळं सोडलं, आता द्यायला राहिलंय काय, असा माझा ताठा. शिवाय फादरना जाऊन सांगितलंही, नवसाची सगळी कथा, शाबासकी मिळेल म्हणून. पोरगेलासा माणूस, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आंटी, नवस तुमचा. गेलं कोण?”

मी म्हटलं, घरची अडचण होती. ते म्हणाले, “मग त्या वेळच्या फादरना सांगायचं होतं. अशा अडचणीत चर्च नवसातून मोकळं करतं. एका भेटीचं काम होतं.”

एका भेटीचं काम! अरे देवा! आणि मी त्यापायी बहिणीची अकरा वर्षं खाल्ली, वर एक्केचाळीस वर्षं तिच्यावरच रुसून बसले. आयुष्यभर म्हणत आले, प्रभो, सर्वस्व तुझं. दिलं ते नेरिसाचं. माझं मी जपून ठेवलं: माझा राग, माझा मोठेपणा, माझं खोटं. येशूने ते सगळं बघितलं आणि तरी रोज सकाळी मला त्याच्या पायरीवर येऊ दिलं, याची मला आता लाज वाटते आणि रडू येतं.

म्हणून देवाचं नाव मी वारसांच्या यादीत घातलेलं नाही. मेल्यावर उरलंसुरलं द्यायला तो काही लांबचा नातलग नाही. त्याला द्यायचं ते आजच. हे लिहितानाच देते: माझे उरलेले दिवस, दहा वर्षं असोत की दहा दिवस, माझी अब्रू, माझा हट्ट. कॉन्व्हेंटात बोलव, नाहीतर सातव्या मजल्यावर ठेव. या वेळी अट नाही. धर्मग्रामात मी खोटं पसरवलं ते मोत माउलीच्या सणानंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर परत घेणार आहे, फादरना तसं सांगून ठेवलं आहे.

७. माझे शेवटचे कपडे कपाटात वरच्या खणात इस्त्री करून ठेवले आहेत. मला आंघोळ घालून ते नेरिसाने चढवावेत. ही आज्ञा नव्हे. आज्ञा एकदा केली, ती पुरे झाली. ही विनंती आहे. ती नाही म्हणाली तर मनवाने करावं आणि नेरिसाला कोणी एक अक्षर बोलू नये. माझ्या नावाने मोत माउलीला मेणाची बाई मात्र कोणी वाहू नये. एकदा वाहिली, तिच्या जागी नेरिसा जळाली.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फादर ॲलिस्टर यांनी करावी. ते नको म्हणतील, पण सुरुवात त्यांनीच केली आहे.

९. दुरुस्ती. वरचा मजकूर लिहून झाल्यावर मी तो अक्षदाच्या हाती नेरिसाला वाचायला पाठवला. सह्यांच्या दिवशी, म्हणजे आज, मजकुरासह ये, एवढाच निरोप. चौदा दिवस उत्तर नव्हतं. आज सकाळी वकीलबाई आल्या. साक्षीदार म्हणून मनवाला बोलावलं, तेव्हा त्यांनी कायदा सांगितला: ज्याला या कागदाने काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. मनवाने पेन खाली ठेवलं. “आंटी, मला मशीन पायजे.” खरं बोलली. दुसरा साक्षीदार शोधायचा म्हणून दार उघडलं, तर दारात अक्षदा, आणि तिच्या मागे, गुडघ्याला पट्टा बांधलेली, नेरिसा.

मी खुर्ची पुढे केली. तीच म्हणाली, “लिफ्ट बंद आहे तुमची. सात मजले चढवलेस.” मग खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, मजकूर टेबलावर ठेवला आणि पेन मागितलं.

वकीलबाईंनी तिला कायदा दोनदा समजावला, सही केलीत तर खोली जाईल म्हणून. नेरिसा म्हणाली, “कळलं हो मला. खोली नको.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, नॉर्मा. आज मी माझ्या मनाने सही करते. तू लिहिलंस ते खरं आहे, एवढ्यावर.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. आंघोळीचं तेवढं विचारलं. म्हणाली, “आधी मर तर खरी. आणि उद्या जेवायला ये. तो मसाला एकटीने कधी संपवू मी?”

सबब कलम २ मध्ये नेरिसा हिच्याऐवजी तिची मुलगी, माझी भाची अक्षदा, असं वाचावं. कलम ५ मधले डबे माझ्या मरणाची वाट न बघता आजच देत आहे. अक्षदा दोन फेऱ्यांत नेईल, लिफ्ट चालू झाल्यावर.

हे मी वाचलं, समजलं आणि दोघी साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: परळ, मुंबई
दिनांक: ८ सप्टेंबर २०२५, मोत माउलीचा सण

लिहून ठेवणार:
नॉर्मा बेसिल मिस्किटा

साक्षीदार:
१. ॲड. आकांक्षा, प्रभादेवी
२. नेरिसा रघु धुरी, लालबाग. नाते: सख्खी बहीण. स्वखुशीने.