सासरेबुवांसाठी गरम सीट

१६ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कामाची नोंद ठेवली नाही तर पुढे लोक म्हणतात, काम झालेच नाही. बांधकाम विभागात बावीस वर्षे काढल्यावर एवढे तर कळतेच.

विषय: सासरेबुवा. खुशालराव, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम अकोला. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून एकटे. दिवाळीत दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले. शेजारच्या गंगूबाईंनी जाऊन बंद केला. तेव्हापासून माझ्या बायकोला, पौर्णिमाला, धड झोप नाही. आज तिने फोनवर पुन्हा सांगितले, बाबा, अमरावतीले आमच्याकडं राहाले या. ते म्हणाले, याले काय, पन थंडी भल्ली हाय, कंबर धरते, दोन तास गाडीत बसनं होत नाही. पायतो मंग.

पौर्णिमा मला म्हणाली, येत्या रविवारी तुमी जा अन् घेऊन या, पाठीमागं एक उशी देऊन देऊ.

उशी म्हणजे खड्ड्यात मुरूम टाकणे. एक पावसाळा टिकत नाही. मी कायमस्वरूपी कामाचा माणूस. अडचण काय, कंबर. कारण काय, थंडी. उपाय, गरम होणारी सीट. परदेशात घरोघरी असते. सीटच्या आत वायरचे पॅड घालायचे, बॅटरीला जोडायचे, बटण दाबायचे. किट ऑनलाइन मागवले. बसवण्याचा व्हिडिओ पाहिला, अकरा मिनिटांचा. त्यातला माणूस बर्फात उभा राहून हातमोजे घालून करतो. मी हातमोज्यांशिवाय करणार, म्हणजे आणखी लवकर.

मेकॅनिककडे देणार नाही. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या कामावर देखरेख केली. काम कसे होते ते सगळे पाहिलेले आहे, फक्त हात लावायचा राहिला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

किट आले. माहितीपत्रक चिनी भाषेत आहे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीसारखे काहीतरी. पहिली ओळ: 'प्लीज पुट द हॉट अंडर द पर्सन.' आशय स्पष्ट आहे. पुढचे वाचले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

कार्यारंभ. नारळ फोडला. पुढची डावी सीट काढायची, चार बोल्ट. शेजारचे भगवंतराव कंपाउंडच्या भिंतीवर चहा ठेवून उभे. त्यांना रिटायर होऊन सहा वर्षे झाली, दुसरे काम नाही.

दुपारी १

तीन बोल्ट निघाले. चौथा निघत नाही. म्हणजे पंचाहत्तर टक्के काम पूर्ण. पहिल्याच दिवशी पंचाहत्तर टक्के, असे आमच्या विभागात कधी झाले नाही. भगवंतरावांनी विचारले, उन्हाळ्यात बंद होते ना हे? खोडसाळ प्रश्न.

संध्याकाळी

नारळाची चटणी झाली. अकोल्याला जाणे पुढच्या रविवारवर ढकलले. मुदतवाढ क्रमांक एक. पौर्णिमाने विचारले, सीट राहू द्या, मागच्या सीटवर बसवून आनता येत नाही का त्यायले. सासऱ्यांना मागे बसवून आणायचे? मी ड्रायव्हर आहे का?

२९ नोव्हेंबर, शनिवार

चौथा बोल्ट निघाला. पान्ह्यावर उभा राहिलो तेव्हा. पायाला थोडे लागले, ते कामात चालायचेच. सीट हॉलमध्ये आणून ठेवली.

३ डिसेंबर, बुधवार

सीट हॉलमध्ये फार छान दिसते. मागे रेलते, मान टेकते. जेवणानंतर तिच्यावर बसून तांत्रिक अभ्यास करतो. आज अभ्यास करता करता दोन तास डोळा लागला. पौर्णिमा आता गाडीत मागे बसते आणि मी पुढे, त्यामुळे चौकात लोक तिला साहेब समजतात. तिची त्याबद्दल तक्रार नाही. तिची तक्रार वेगळीच आहे.

७ डिसेंबर, रविवार

आज सीटचे कव्हर सोलले. आत लोखंडी रिंगा असतात, त्या तोडाव्या लागतात. मी नेलकटर वापरले. व्हिडिओत वेगळे हत्यार होते, पण साधनसामग्री उपलब्धतेनुसार बदलता येते. पॅड फोमवर चिकटवले. एक पाठीला, एक बुडाला. कव्हर परत चढवले. सात रिंगा उरल्या. ही शुद्ध बचत.

फक्त वरचे फॅन्सी कव्हर उलटे बसले. पाठीमागे मासिक ठेवायचा खिसा असतो, तो आता पुढे आला आहे, नेमका कंबरेच्या जागी. पौर्णिमा आली, तिने त्या खिशात रबराची गरम पाण्याची पिशवी ठेवली, वरून हात फिरवून पाहिला आणि विचारले, झालं ना काम? जाता का उद्या अकोल्याले?

ह्याला विनोद म्हणत नाहीत. पिशवी काढून परत स्वयंपाकघरात ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार

सासरेबुवांचाच फोन. जवाईबापू, कसं काय चालू हाय? मी त्यांना पॅडमधले कार्बन फायबर समजावून सांगितले. दोन तापमाने असतात, लो आणि हाय, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, म्हंजे तुमी अजून पंधरा-वीस रोज त येत नाही. मी म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे. ते म्हणाले, बरं.

जुना कापसाचा ग्रेडर माणूस. बोटांनी धागा ओढून कापसाची प्रत सांगायचा. अशा माणसाला कच्चे काम दाखवून चालत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सीट परत गाडीत बसवली. वीजजोडणी. लाल वायर लालला, काळी काळीला. पिवळी उरली. पिवळी कुठे, ह्यावर माहितीपत्रक गप्प आहे. माझ्या अनुभवावरून एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेत खोचली. बटण दाबले. सीट गरम झाली नाही, वायपर सुरू झाले. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. भगवंतराव भिंतीवरून खाली पडता पडता वाचले. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा सगळे शांत झाले.

सकारात्मक बाब: वीजप्रवाह आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

हॉर्न कायमचा गेला. तीन दिवस खिडकीतून ओरडत ऑफिसला जातो आहे. राजकमल चौकात 'सरका हो, सरका' म्हणत वळलो तर एका बाईंनी मला भाजीवाला समजून मेथी कशी दिली विचारले. घसा बसला.

२८ डिसेंबर, रविवार

त्रयस्थ तांत्रिक पाहणी करायचे ठरवले. बडनेरा रोडला नितेश म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्याने डॅशबोर्डखाली डोके घातले. बराच वेळ बाहेर काढले नाही. मग विचारले, साहेब, हे कोनं केलं? मी म्हणालो, बाहेरगावचा एक मेकॅनिक होता. तो म्हणाला, त्याच्याकडं परत नोका जाऊ, गाडी जाळन तो एखांद्या दिवशी. मी म्हणालो, नाही जाणार.

हॉर्न त्याने दहा मिनिटांत दिला. पिवळी वायर कुठे लावतात तेही दाखवले. म्हणाला, ठेवून जा, अर्ध्या तासात पुरी सीट करून देतो. मी नकार दिला. पंचाण्णव टक्के झालेले काम दुसऱ्याच्या हाती देऊन श्रेय वाटून घ्यायला मी काही खुळा नाही.

११ जानेवारी, रविवार

यश! सीट तापली. हात ठेवून वीस मिनिटे तिथेच उभा राहिलो. पौर्णिमाला बोलावले, तिनेही हात ठेवला. म्हणाली, हो, लागते गरम. मग म्हणाली, संक्रांतीच्या आधी आना मंग बाबांले, तीळगूळ इथंच खातील.

पण किटमध्ये दोन सीटचे सामान आहे. एक सीट गरम आणि एक थंड, ह्याला कोण काम म्हणेल? ड्रायव्हरची सीटही करून टाकतो. वाढीव काम मंजूर. मुदतवाढ क्रमांक सहा.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही सीट तयार. चाचणी: घर ते वलगाव. सकाळी गारवा होता. मी माझे बटण लो वर ठेवले. फरक वाटेना, म्हणून हाय वर नेले. तिकडे पौर्णिमा घामाघूम. तिने तिचे बटण बंद केले, तर माझी सीट गार पडली. मी माझे पुन्हा दाबले. असे करत करत आम्ही वलगावला पोचलो. ती दार उघडून उतरली आणि कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, तुमी मले वांग्यावानी भाजून काढलं.

निष्कर्ष: माझे बटण तिची सीट तापवते, तिचे माझी. हा दोष नाही. संसारात एकाने दुसऱ्याची काळजी घ्यावी हेच तत्त्व. तिला तसे सांगितले. परत येताना ती मागे बसली.

८ फेब्रुवारी, रविवार

वायरी बदलायला पुन्हा सीट काढावी लागेल. चौथा बोल्ट पुन्हा अडकला आहे. तसेच राहू द्यावे. सासरेबुवांना सांगेन, तुम्ही फक्त बसा, बटणे मी पाहतो.

काल गंगूबाईंचा फोन होता. सासरेबुवांनी पुन्हा गॅसवर दूध ठेवले आणि विसरले. पातेले जळाले. पौर्णिमा मला म्हणाली, तुमाले सीट दिसते, मले ते पातेलं दिसते. मी म्हणालो, आता फक्त अंतिम तपासणी. ती उठून आत गेली.

मलाही पातेले दिसते. म्हणूनच तर घाई करून अर्धवट काम करायचे नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ऊन वाढले. पारा छत्तीस. परवा ऑफिसमधून निघताना सीटला हात लागला आणि आपोआप 'आई गं' निघाले. भगवंतराव म्हणाले, उन्हाने तुमची गरम सीट आता सगळ्याच गाड्यांमध्ये बसवून दिली की हो.

पहाटे निघालो तर अजूनही उपयोग आहे.

८ मार्च, रविवार

स्वतःच स्वतःला काम पूर्णत्वाचा दाखला दिला. सही, दिनांक. लोकार्पणाचा छोटा कार्यक्रम ठेवला होता, भगवंतराव फीत कापणार होते. फीत कापली, गाडीत बसले, मी बटण दाबले, ते लगेच बाहेर आले. चहा मात्र दोनदा घेतला.

पाडवा झाला की लगेच अकोल्याला जाणार. आता मुदतवाढ नाही.

२१ मार्च, शनिवार

उद्या पहाटे निघतो. सासरेबुवांना कळवले नाही, पौर्णिमालाही नाही. अचानक दारात गाडी उभी राहील, सीट तापलेली असेल, मी दार उघडून धरीन. चार महिन्यांचे काम. पौर्णिमाला सांगितले, साइटवर जायचे आहे.

२२ मार्च, रविवार. सकाळ

पहाटे पाचला निघालो. त्यांच्यासाठीची सीट अकोला येण्याआधीच हाय वर ठेवली, माझीही लो वर. सव्वासातला दारात. दाराला कुलूप. गंगूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, खुशालराव त सकाळच्या यष्टीनं गेले, तुमच्याच गावाले. लेकीकडं राहाले चाललो म्हने. तुमाले मालूम नाही?

परत निघालो. बटणे बंद होईनात. दोन्ही सीट तापत राहिल्या. रिकामी सीट शेजारी, वर ऊन, खाली हाय. मूर्तिजापूरला गाडी थांबवून फ्यूज उपटून काढला. त्याच्यासोबत झाकणही आले. टपरीवर बर्फाचे पाणी मागून मानेवर ओतले. चहावाल्याने विचारले, एसी नाही का साहेब गाडीत? मी म्हणालो, आहे. एसीही आहे.

दुपार

घरी आलो तर सासरेबुवा पंख्याखाली बसून पोळी आणि वांग्याची भाजी खात होते. पौर्णिमा समोर बसून वाढत होती. तिचा चेहरा असा चार महिन्यांत पाहिला नव्हता.

मी विचारले, बाबा, कंबर? यष्टीत त्रास झाला असेल.

ते म्हणाले, कंबर बरी हाय. कंबरेचं नुस्तं सांगाले होतं जवाईबापू. आमच्यात लेकीच्या घरी राहाले आपल्या पायानं जात नाही. जवाई दारात आला, चला म्हनला, की जाता येते. तोंडानं कसं सांगनार, की या अन् मले न्या? मी वाट पायली. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. फोन केला की तुमी मले लो अन् हाय सांगा. मंग काल म्हनलं, रीत गेली चुलीत. पोरगी तिथं झुरून राहिली अन् मी इथं रीत पायत बसू?

पौर्णिमा उठून पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मला वाईट वाटले. खरेच वाटले. उशी घेऊन नोव्हेंबरात गेलो असतो तर दोन तासांचे काम होते. हे मी इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

मी आज सकाळी त्यांच्या दारात उभा होतो, हे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, आलते ना तुमी? बस मंग, झालं. लोकायले सांगाले बरं, जवाई न्याले आलता म्हनून.

२३ मार्च, सोमवार

ऑफिसमधून आलो तसे सासरेबुवा म्हणाले, दाखवा त तुमची सीट. मी टाळत होतो. ते ऐकेनात. चपला घालून खाली आले, दार उघडले, बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. ग्रेडर माणूस, बोटांनी कव्हर चाचपून पाहिले. म्हणाले, भल्ली गरम हाय हो. कंबरेले बरं वाटते. मेहनत दिसते जवाईबापू.

फ्यूज काढलेलाच आहे. गाडी दिवसभर ऑफिससमोर उन्हात उभी होती.

पौर्णिमाने माझ्याकडे पाहिले. मी हळूच बटण लो वर केले.